करारातील न्याय आणि करुणा : एका सूत्राचा प्रवास

प्राचीन इस्राएलच्या धर्मविचारात आधी न्यायनिष्ठुर परमेश्वर होता आणि कालांतराने त्याची जागा करुणामय परमेश्वराने घेतली, अशी एक सोयीस्कर मांडणी अद्यापही आढळते. संहितांचा पुरावा तिला दुजोरा देत नाही. निर्गम ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात, सोन्याच्या वासराच्या प्रकरणात फुटलेल्या पाट्या नव्याने घडविल्या जात असताना, जे सूत्र येते त्यात दोन्ही पदर एकत्रच गुंफलेले आहेत. परमेश्वर कनवाळू आहे, मंदक्रोध आहे, ‘हेसेद’ने संपन्न आहे, परंतु तो अपराध्याला निर्दोष ठरवीत नाही, आणि पित्याच्या पापाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो. ‘हेसेद’साठी मराठीत ‘दया’ म्हणणे अपुरे आहे. नात्यातील पक्षाने राखावयाची निष्ठा हा अर्थ त्यात मुख्य आहे. करुणा येथे कराराबाहेरून आलेली सवलत ठरत नाही. ती करारातच अंतर्भूत आहे.

या कराराचा रूपबंध मात्र राजकीय होता. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल यांनी हित्ती सम्राटांच्या मांडलिक-करारांशी त्याचे साम्य दाखविले. पुढे निमरूद येथे १९५५ साली अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या इ.स.पू. ६७२च्या करारपट्टिका सापडल्या आणि अनुवाद ग्रंथाच्या २८व्या अध्यायातील शापांची भाषा कोठून आली असावी, याचा विचार सुरू झाला. साम्याची चर्चा विपुल झाली. भेदाकडे तितके लक्ष गेले नाही. एसरहद्दोनचा करार मोडणाऱ्यावर शापांमागून शाप कोसळतात, पण पश्चात्ताप पावलेल्या मांडलिकासाठी परतीची वाट तेथे नाही. लेवीय २६ आणि अनुवाद ३० यांत शापांनंतर ती वाट उघडते. हे भाग इ.स.पू. ५८६च्या सुमारास झालेल्या जेरुसलेमच्या पाडावानंतर जोडले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्यांचे महत्त्व वाढतेच. केवळ राजकीय रूपबंधावर विसंबले असते, तर शाप प्रत्यक्ष भोगलेल्या जनसमूहाला नाते संपले असेच वाचावे लागले असते.

निर्गममधील सूत्राचा पुढील प्रवास याच पेचातून समजतो. गणना ग्रंथाच्या १४व्या अध्यायात मोशे तेच शब्द परमेश्वराला ऐकवून क्षमा मागतो. क्षमा मिळते, तरीही ती पिढी अरण्यातच संपते. सूत्राचे दोन्ही भाग एकाच निर्णयात खरे ठरतात. नहूम आणि योना यांचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण दोघांचाही विषय अश्शूरची राजधानी निनवे हाच आहे. नहूम सूत्रातील मंदक्रोध राखतो, पण ‘हेसेदने थोर’ याऐवजी ‘सामर्थ्याने थोर’ असे म्हणतो आणि शासनाचा भाग पुढे आणतो. योना शासनाचा भाग गाळतो, त्याच्या जागी योजिलेल्या अनिष्टाविषयी माघार घेणारा परमेश्वर ठेवतो, आणि या गुणांचीच तक्रार करतो. निनवे इ.स.पू. ६१२मध्ये नष्ट झाले. योनाचा ग्रंथ त्यानंतरचा आहे, हे बहुमान्य मत ग्राह्य धरले, तर त्याच्या वाचकाला क्षमा मिळालेल्या नगराचे भवितव्य ठाऊक होते. या उपरोधाकडे केवळ बोधकथा म्हणून पाहणाऱ्यांचे दुर्लक्ष होते.

पिढ्यांचे शासनही निर्विवाद राहिले नाही. अनुवाद ७मध्ये शासन थेट द्वेष करणाऱ्यावरच येते. यहेज्केल १८ तर पुत्राला पित्याच्या पापाचा भार नाकारते. अशा पुनर्लेखनाला मायकेल फिशबेन यांनी १९८५ साली बायबल-अंतर्गत भाष्य म्हटले. परंपरा स्वतःच्या मूळ वचनाशी वाद घालते आणि ते वचन पुसूनही टाकत नाही.

सर्वांत धाडसी वाचन मात्र बायबलनंतरच्या यहुदी उपासनेत घडले. सूत्रातील ‘नक्के लो यनक्के’ या प्रयोगात क्रियापदाची द्विरुक्ती नकाराला जोर देते : तो मुळीच निर्दोष ठरवीत नाही. प्रार्थनेत तेरा गुणांचे पठण ‘नक्के’पाशीच थांबते, आणि नकार गळून ‘निर्दोष ठरवितो’ एवढेच उरते. व्याकरणाच्या दृष्टीने हा उघड अत्याचार होय. परंतु तो अजाणता झालेला नाही. तालमुदच्या योमा प्रकरणात याच दोन शब्दांची फोड केलेली आहे : परत फिरणाऱ्यांना तो निर्दोष ठरवितो, न फिरणाऱ्यांना ठरवीत नाही.