तंबूतल्या भोंग्यापासून नऊ पिनांच्या केबलपर्यंत

नगर जिल्ह्यात सिनेमाचं वेळापत्रक पूर्वी यात्रांवर चालायचं. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा, पौषात पारनेरकडे कोरठणला खंडोबाची, नवरात्रात मोहट्याला देवीची. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, राज्यात सर्वांत मोठं. पक्की थिएटरं मात्र नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा गावांतच. बाकीच्या मुलखाने सिनेमा पाहिला तो कनातीच्या आत, सतरंजीवर बसून. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण नगर शहरात रिक्षावाल्याला ‘आशा टॉकीज चौक’ म्हटलं की अजून दुसरा पत्ता सांगावा लागत नाही, इतकी या धंद्याची खूण गावावर आहे.

त्या दिवसांच्या आठवणी लोक चित्रांच्या सांगतात. मी आवाजाच्या सांगतो, कारण माझं पोट आवाजावर चाललं. श्रीरामपूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकलो, तिथून थिएटरच्या केबिनमध्ये गेलो आणि पुढे जिल्हाभर साउंडची कामं केली. म्हणून हा इतिहास पडद्याच्या मागच्या बाजूने.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. तोवर पडद्याजवळ बसून तबला-पेटी वाजवणारी माणसं आवाज पुरवत. बोलपटाने त्यांचं काम काढून घेतलं आणि ते केबिनमधल्या ऑपरेटरच्या गळ्यात टाकलं. तेव्हापासून सिनेमा कसा ऐकू येईल हे जितकं स्टुडिओत ठरतं तितकंच केबिनमध्ये ठरत आलं आहे.

फिल्म उजेडासमोर धरली की चित्र आणि कडेची भोकं यांच्यामध्ये एक नागमोडी पांढरी रेघ दिसते. तोच आवाज, म्हणजे ऑप्टिकल ट्रॅक. एक्सायटर लॅम्प नावाच्या छोट्या दिव्याचा बारीक झोत त्या रेघेतून जातो आणि पलीकडच्या फोटोसेलवर पडतो. रेघ रुंद झाली की उजेड जास्त, अरुंद झाली की कमी. त्या चढउताराची वीज होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. चित्रासाठी फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबावी लागते, आवाजासाठी ती अखंड सरकावी लागते. दोन्ही गोष्टी एका जागी होत नाहीत. म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेला असतो आणि मधल्या अंतराचा हिशेब ऑपरेटरने लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, सोडून जुळवायचा असतो.

जुन्या ऑपरेटरांची हुशारी या लुपात दिसायची. एका फ्रेमच्या वेळात आवाज हवेतून साधारण ४७ फूट जातो. तंबू लांबट असला तर मागच्या रांगेला ओठ आधी हलताना दिसत आणि शब्द मागून येत. अनुभवी माणूस लूप एका फ्रेमने आखूड करी, आवाज तेवढा लवकर निघे आणि मधल्या गर्दीला तो बरोबर बसे. त्याने ध्वनिशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नसे. तो तंबूत मागे जाऊन उभा राही, ऐके आणि परत येऊन हात लावी.

तंबूतले कर्णे बहुधा आहुजा कंपनीचे, तेच लग्नात आणि तेच प्रचारसभेत. खर्जाचं नाव नाही, पण संवाद शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट जायचे आणि लोकांना तेवढंच हवं असे. जनरेटरची घरघर, शेजारच्या पाळण्याचा भोंगा आणि देवीची आरती यांच्यावर मात करून नायकाचा आवाज पोचवायचा होता. एक्सायटर लॅम्पला स्वच्छ डीसी वीज लागते. तिच्यात खोट आली की सगळ्या सिनेमाखाली ‘हम्’ असा सूर लागून राही. ऐन खेळात दिवा गेला आणि पेटीत दुसरा नसला, तर मोटारीच्या टेललाइटचा बल्ब बांधून खेळ पार पाडणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. पुढे या दिव्याच्या जागी लाल एलईडी आला. नव्या प्रिंटवरची रेघ निळसर रंगाची येऊ लागली होती आणि ती लाल उजेडातच नीट वाचता येई. तेव्हाही बदल आमच्या हातातला होता: दिवा काढा, एलईडी बसवा, फोटोसेल समोर जुळवा.

मोठ्या शहरांत आवाजाच्या मोठ्या गोष्टी होत होत्या. ‘शोले’ १९७५ मध्ये ७० एमएमवर, सहा ट्रॅकच्या आवाजासह आला. आमच्याकडे तो आला ३५ एमएमवर, एका कर्ण्यातून, आणि तरी गब्बरचे संवाद पोरांना पाठ झाले. १९९४ च्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ने डॉल्बी स्टिरिओ हिंदी सिनेमात आणला. त्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’ हिंदीत बोलला, आणि ज्या डायनासोरच्या डरकाळीसाठी १९९३ मध्ये डीटीएस ही पद्धत बाजारात आली, ती डरकाळी आमच्या भागाने मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीतून, ऐकली.

डीटीएसचं यंत्र पुढे काही वर्षांनी इकडे पोचलं. या पद्धतीत आवाज फिल्मवर नसतोच. प्रिंटच्या पेटीबरोबर सीडी येत आणि फिल्मवर असे फक्त टाइमकोड, म्हणजे चित्र आणि ऑप्टिकल ट्रॅक यांच्यामधली बारीक तुटक रेघ. मशीन ती रेघ वाचून सीडी त्याच जागी आणून ठेवी. तबकडीवरून आवाज देण्याची कल्पना जुनीच. १९२६ मध्ये अमेरिकेत व्हिटाफोनने ती वापरली होती, पण तिथे फिल्म तुटून चार फ्रेम गेल्या की पुढचं रीळभर ओठ आणि शब्द यांची फारकत होई. डीटीएसमध्ये फ्रेम गेल्या तरी टाइमकोड पाहून आवाज उडी मारून जागेवर येई. टाइमकोडमध्ये सिनेमाची ओळखही असे, त्यामुळे दुसऱ्याच सिनेमाची सीडी घातली तर मशीन ती वाजवत नसे. मुकाट्याने ऑप्टिकल ट्रॅकवर जाई.

डॉल्बी डिजिटलची रीत वेगळी. तिची माहिती फिल्मच्या भोकांमधल्या जागेत छापलेली असे, सेकंदाला ९६ ठिपकेदार चौकोन. नव्या प्रिंटवर उत्तम. पण आमच्याकडे प्रिंट यायची ती मोठ्या गावांत झिजून, कडांना ओरखडे आणि तेल घेऊन. चौकोन वाचता आले नाहीत की डिजिटल आवाज जाई, पुन्हा येई, आणि प्रेक्षकांना वाटे की मागचे स्पीकर ऑपरेटरच बंद-चालू करतोय. माझ्या अनुभवात दमलेल्या प्रिंटवर डीटीएस जास्त टिकलं. भिंतीवरच्या जाहिरातीत मालक सिनेमाच्या नावापेक्षा ‘डीटीएस’ मोठ्या अक्षरांत रंगवत ते उगाच नाही.

या दोन पद्धतींबरोबर केबिनमध्ये एक नवी गोष्ट शिरली. साउंडचा रॅक आता संगणक झाला होता. त्याच्या पोटात प्रोग्रॅम होता आणि त्या प्रोग्रॅमला आवृत्ती होती. डॉल्बीचा सीपी ६५० हा प्रोसेसर चालू केला की पुढच्या छोट्या पडद्यावर अक्षरं येत. मालकाला त्यांचं काही नसे. मला असे, कारण आधीच्या वेळी लिहून ठेवलेला आकडा आणि आजचा आकडा मी ताडून पाही. अपडेट करायचं तर पुढच्या बाजूला नऊ पिनांची सीरियल केबल लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि कंपनीचा प्रोग्रॅम चालवायचा. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट येईनासं झालं, तेव्हा यूएसबीचा अडॅप्टर आला. तो दर वेळी चालेल याची खात्री नसे. म्हणून माझ्यासारखे लोक विंडोज एक्सपीचा जुना लॅपटॉप जपून ठेवत. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधार बंद केला. आमच्या बॅगेत तो त्यानंतरही होता.

खरी भीती विजेची. प्रोग्रॅम आत उतरत असताना वीज गेली तर अर्धा जुना आणि अर्धा नवा अशा अवस्थेत पेटी अडकू शकते आणि मग ती मुंबईलाच न्यावी लागते. ते दिवस भारनियमनाचे होते, ग्रामीण भागात अर्धा दिवस वीज नसे. म्हणून माझा नियम ठरलेला: लाइट असली तरी आधी जनरेटर लावायचा, भार त्याच्यावर घ्यायचा आणि मगच केबल जोडायची. मालक डिझेलचा हिशेब काढी. अपडेट सुरू करण्याआधी सगळी सेटिंग्ज लॅपटॉपवर उतरवून घ्यायची आणि मुख्य आकडे वहीतही लिहायचे.

अपडेट झालं म्हणजे काम संपलं असं नाही. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून पिंक नॉइज, म्हणजे तपासणीचा एकसारखा फसफसता आवाज, सोडायचा, हॉलच्या दोन तृतीयांश अंतरावर माइक ठेवायचा आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर असताना प्रत्येक वाहिनीला ८५ डेसिबल येतात का ते पाहायचं. वरच्या सुरांची पातळी २ किलोहर्ट्झनंतर ठरलेल्या उताराने खाली यावी लागते. हे केलं नाही तर नवा प्रोग्रॅम आणि जुना फाटका आवाज असं होतं. बहुतेक ठिकाणी फेडर ७ वर नसायचाच. प्रेक्षक ओरडले की ४ वर, झोपले की ९ वर.

“चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?” हे वाक्य मी जवळपास प्रत्येक तालुक्यात ऐकलं. मालकाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. टीव्ही आणि पायरसीने त्याचा गल्ला आटत चालला होता आणि मुंबईहून माणूस बोलवायचा तर जाण्यायेण्याचा खर्च त्याच्याच माथी. पण यंत्र जुन्या आवृत्तीवर राहतं तेव्हा ते लगेच बंद पडत नाही. एका शुक्रवारी काहीतरी नवीन येतं आणि ते त्याला कळत नाही.

तो शुक्रवार फिल्म गेल्यावर आला. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. त्याच सुमारास आमच्याकडच्या प्रिंटच्या पेट्याही बंद झाल्या. सिनेमा आता उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर सर्व्हरमध्ये उतरतो. डिजिटल सिनेमाच्या पॅकेजमध्ये चित्राची आणि आवाजाची फाइल वेगळी. आवाज २४ बिटचा, न दाबलेला, डीटीएसच्या सीडीहून सरस. पॅकेजचं कुलूप उघडणारी किल्लीही वेगळी, ठराविक तारखेपासून ठराविक तारखेपर्यंत चालणारी. या पॅकेजची रचना पुढे बदलली, जुन्या इंटरॉपच्या जागी एसएमपीटीई हे प्रमाण आलं. जिल्ह्यातल्या एका थिएटरात सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवल्यापासून कोणी बदललेलं नव्हतं. गुरुवारी रात्री डिस्क आली आणि सर्व्हर ती घेईना. डिस्क चांगली होती, किल्ली बरोबर होती, पण पॅकेज त्याला वाचता येत नव्हतं. सकाळी अपडेट उतरेपर्यंत पहिला खेळ रद्द झाला, तिकिटाचे पैसे परत गेले. टेललाइटच्या बल्बने भागावं अशी ही अडचण नव्हती. केबिनमध्ये माणूस होता, हत्यारं होती, आणि उपाय दूर कुठल्या तरी कार्यालयात होता.

आवाजाच्या नव्या पेट्यांनी मागचा दरवाजाही लावून घेतला. सीपी ६५० फिल्मही वाचत असे. त्याच्या मागून आलेला सीपी ७५० फक्त डिजिटलसाठी होता, त्याला फिल्मचा रीडर जोडायची सोयच नाही. तंबूवाल्यांची याच काळातली अखेरची धडपड शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आहे. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, आणि चित्रीकरणाच्या जागीच केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना आणखी एक. रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांची ही गोष्ट. तिचे आवाज डबिंगच्या खोलीत तयार केलेले नव्हते. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, ज्याच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत पूर्ण वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. इतक्या निगुतीने घेतलेला आवाज तालुक्याच्या थिएटरात येतो, आणि तिथे डावीकडचे सराउंड स्पीकर दोन वर्षांपासून मुके असतात. देशात नावाजलेला आवाज ज्या मातीतून निघाला तिथल्याच माणसांना तो अर्धा ऐकू येतो. याचं कारण पैशापेक्षा दुर्लक्ष जास्त आहे.

म्हणून थिएटरमालकांना माझं सांगणं थोडकं आहे. सर्व्हर आणि प्रोसेसर यांची आवृत्ती वहीत लिहा, अपडेट केल्याची तारीख लिहा. सेटिंग्जची प्रत केबिनबाहेर ठेवा. वर्षातून एकदा पिंक नॉइज लावून प्रत्येक स्पीकर ऐका. गावातल्या एखाद्या चुणचुणीत पोराला हे काम शिकवा, मुंबईवर अवलंबून राहू नका. आणि अडगळीतले फिल्मवरचा आवाज वाचणारे साउंड हेड, डीटीएसच्या सीडी, एक्सायटर लॅम्पचे डबे भंगारवाल्याला घालू नका. नगरला ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे विचारा. तुमच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर या दिवाळीच्या साफसफाईआधी एकदा उघडून पाहा.