गिरणगावचा शिणवटा

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीचा उद्योग मांडला, आणि पुढील तीन दशकांत कोकणातून व घाटावरून आलेल्या ज्या कुणब्यांनी आजवर ऋतुमानाच्या चालीने कष्ट उपसले होते, त्यांच्या वाट्याला भोंग्याच्या हुकुमाने चालणारे, उजाडल्यापासून मावळेपर्यंतचे अखंड श्रम आले. खात्यातील कोंदट उष्म्यात, कापसाची धूळ नाकातोंडात घेत, दिवसभर उभ्याने तुटलेले धागे सांधणाऱ्या देहाचा शीण एका रात्रीच्या निद्रेने निवारण होणारा नव्हता. त्यातच सुटीच्या दिवशीही यंत्रे पुसण्यास हजर राहावे लागे. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांचे तास तेवढे मर्यादित केले. प्रौढांच्या थकव्याची दाद सरकारदरबारी नव्हती. म्हणून १८८४ साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज गेला: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची मुदत. १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवार मान्य केला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा लोपली, आणि पुरुषांसाठी बारा तासांचे बंधन घालण्यास १९११ चा कायदा यावा लागला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व गिरणगावाने अशा रीतीने तासातासाने मिळविले.