दिनविशेष : १ मार्च
ऊर्जा संवर्धन कायदा अमलात (२००२)

संसदेने संमत केलेला ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ आजच्या दिवशी २००२ मध्ये लागू झाला. त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. फ्रिज, एसीवरील तारांकित लेबल याच ब्युरोचे.

या कायद्यातून २००७ मध्ये मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. भिंती, छप्पर आणि काचांतून किती उष्णता आत यावी, दिवे व वातानुकूलन किती कार्यक्षम असावे, याचे निकष तिने हवामान विभागांनुसार ठरवले. मुंबईचे दमट उष्ण हवामान आणि राजस्थानचा कोरडा उन्हाळा यांना एकच माप तिने लावले नाही. २०१७ मध्ये संहिता सुधारली. २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या.

अंमलबजावणी मात्र राज्ये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हाती आहे. एकदा बांधलेली इमारत अनेक दशके वीज खाते. म्हणूनच बांधकाम परवानगी देतानाच हे निकष काटेकोरपणे तपासले गेले पाहिजेत.