रुग्णालयाची भिंत आणि घराचा उंबरठा

आजारी माणूस त्याच्या माणसांपासून दूर नेल्याने बरा होतो की त्यांच्यात ठेवल्याने, हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाने त्याचे उत्तर निःशंकपणे देऊन टाकले होते. क्षयाच्या रोग्याला डोंगरावरच्या मोकळ्या हवेत न्यावयाचे आणि मनाचा तोल गेलेल्याला गावाबाहेरच्या उंच भिंतींआड ठेवावयाचे, ही त्या काळची रीत होय. आपल्या देशातही तीच रूढ झाली. १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम निघाले. आणि येरवड्यापासून रांचीपर्यंत ज्यांना लोक ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणत, ती उभी राहिली. औषध हाती नसताना विश्रांती, सकस अन्न आणि एकांत हेच उपचार होते, हे त्या पिढीच्या वैद्यांना न्याय देताना विसरता कामा नये.

परंतु ही पद्धती किती जणांच्या वाट्याला येत होती? १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात क्षयाचे रोगी सुमारे २५ लाख असावेत असा तिचा अंदाज होता, आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या सुमारे ६ हजार. मनोरुग्णांसाठी ४० हजार लोकसंख्येमागे एक खाट पडत होती. हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट उघड झाली. इमारती बांधून हा प्रश्न सुटावयाचा, तर कित्येक पिढ्या वाट पाहावी लागली असती. आणि रोग वाट पाहत नसतो.

या अडचणीतूनच स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात दोन प्रयोग जन्मास आले. एक शरीराच्या रोगासंबंधी, दुसरा मनाच्या.

पहिला मद्रासचा. १९५२ साली आयसोनियाझिड हे क्षयावरील स्वस्त आणि प्रभावी औषध उपलब्ध झाले होते. ते घरी राहून घेतले तर चालेल काय, हे पाहण्यासाठी १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र स्थापन झाले. शहरातील गरीब वस्त्यांतल्या १९३ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडण्यात आले. एक गट सॅनिटोरियममध्ये राहिला, दुसरा आपापल्या घरी. औषध दोघांनाही तेच, एक वर्षभर. घरच्यांच्या वाट्याला अपुरे अन्न, दाटीची खोली आणि थोडी विश्रांती. सॅनिटोरियममधील रोग्यांना याच्या नेमके उलट. वर्षअखेर सॅनिटोरियममधील ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रोग्यांचा रोग शमलेला आढळला. पुढे पाच वर्षे घरातील इतर माणसांवर लक्ष ठेवले, तेव्हा घरी उपचार घेतल्यामुळे त्यांच्यात रोग अधिक पसरला असे दिसले नाही. संसर्गाचा खरा धोका औषध सुरू होण्यापूर्वीच असतो, हे त्यावरून ध्यानात आले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनिटोरियमचे महत्त्व ओसरू लागले.

दुसरा प्रयोग अमृतसरचा. १९५० साली भारत व पाकिस्तान यांच्यात मनोरुग्णांची अदलाबदल झाली, आणि लाहोरच्या इस्पितळातील शेकडो हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आले. आपले घरच सरहद्दीपलीकडे राहिलेली ही माणसे. अशा गर्दीच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या आईला, भावाला, पत्नीला तेथे राहण्यास बोलावले. नातलग रुग्णाची शुश्रूषा करीत, उपचार डोळ्यांनी पाहत, आणि हा आजार शाप किंवा बाधा नव्हे, हे डॉक्टरांकडून समजून घेत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. त्याहून मोठी गोष्ट ही, की घर त्यांना परत घेऊ लागले. १९५७ साली वेल्लोरला सुरू झालेल्या मनोरुग्णालयातही कुटुंबीयांना सोबत ठेवण्याची प्रथा रुजली.

तथापि या इतिहासातून ‘घर पुरेसे आहे’ असा सोयीस्कर अर्थ काढणे घातक ठरेल. मद्रासच्या घरी औषध नियमाने पोहोचत होते, कोणीतरी चौकशीला येत होते. जेथे ते थांबले, तेथे अर्धवट औषधामुळे क्षयाचे जंतूच औषधाला दाद देईनासे झाले. अमृतसरच्या तंबूंमागे डॉक्टर उभा होता. आणि ‘कुटुंब शुश्रूषा करते’ या गोड वाक्याचा अर्थ व्यवहारात बहुधा ‘घरातील एक स्त्री आपली झोप आणि मजुरी सोडते’ असा होतो. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आणि १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला तो घरापर्यंत उपचार नेण्यासाठी, घरावर भार ढकलून मोकळे होण्यासाठी नव्हे.

जगातील क्षयरोग्यांपैकी सर्वांत मोठा वाटा आजही भारताचाच आहे. २०२३ साली झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्याच्या कुटुंबीयांना शिधा पुरविल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले होते. घर हे रुग्णालय होऊ शकते, हे मद्रासने आणि अमृतसरने दाखविले. त्या घरात धान्य आहे की नाही, हे पाहण्याचे काम मात्र समाजाचे आणि शासनाचे आहे.