महेशचंद्र बंद्योपाध्याय यांचा १८५५ चा एक डाव

बुद्धिबळाच्या ग्रंथांत ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून जो प्रारंभ प्रसिद्ध आहे, त्याचे जनकत्व व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डकडे दिले जाते. १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे त्याने आलेखिनसारख्या प्रतिस्पर्ध्यास या बचावाने जिंकले. परंतु हीच मांडणी मे १८५५ मध्ये कलकत्त्यास महेशचंद्र बंद्योपाध्याय (इंग्रजी नोंदींत बॅनर्जी) यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराविरुद्ध केलेली आढळते.

पांढरी मोहरी कॉक्रेनकडे होती. त्याने वजिराचे आणि लगतच्या उंटाचे प्यादे दोन-दोन घरे पुढे केले. महेशचंद्रांनी राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून त्याच बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकविले. कॉक्रेनने दुसरा घोडा काढताच तिसऱ्या खेळीस त्यांनी वजिराचे प्यादे दोन घरे लोटून पटाच्या मध्यावरच आव्हान दिले.

‘भारतीय बचाव’ ही संज्ञा १८८४ पासून आढळते व ती महेशचंद्रांच्या खेळाशीच जोडली जाते. देशी खेळात प्यादे बहुधा पहिल्या खेळीसही एकच घर चाले, म्हणून आपल्या खेळाडूंना प्यादी मागे ठेवून उंटाने दुरून मारा करण्याची सवय जडली, अशी तिची उपपत्ती सांगतात. महेशचंद्रांच्या इतर अनेक डावांना ती लागू पडेल. येथे मात्र ती अपुरी ठरते. ज्या खेळीने हा प्रारंभ ओळखला जातो, तीच देशी नियमाने अशक्य होती! परक्या नियमाने दिलेली मोकळीक हेरून त्यांनी ती जुन्या मांडणीस जोडली, असेच मानावे लागते. ही निव्वळ सवय नव्हे. पुढे प्याद्यांची व घोड्यांची मारामारी होऊन पांढऱ्याची प्यादी मध्यभागी जमू दिली गेली आणि आठव्या खेळीस उंटाचे प्यादे दोन घरे टाकून त्यांवर आघात झाला. ग्रुनफेल्ड बचावाचे मर्म ते हेच.

डाव महेशचंद्र हरले. पण त्याचा दोष प्रारंभाकडे जात नाही. चौदा खेळ्यांपर्यंत त्यांची बाजू सुस्थितीत होती. सतराव्या खेळीस कॉक्रेनचा घोडा राजाच्या कोटावर चालून आला असता, तिकडे लक्ष न देता त्यांनी उंट मारला. घोड्याने लगेच कोटाचे प्यादे टिपले आणि पुढील तीन खेळ्यांत, वजिराचा बळी देऊन, त्याच घोड्याची मात अटळ झाली.