टाच कुठे वळते? १६५५ च्या एका मोज्याची गोष्ट

मागच्या महिन्यात मी एक पायमोजा विणायला घेतला आणि चार वेळा उसवला. कृती १६५५ ची होती. त्या वर्षी लंडनमध्ये 'नॅचुरा एक्झेंटेराटा' नावाचं पुस्तक छापून आलं. नाव जड, पण पुस्तक तसं घरगुतीच. बराचसा भाग औषधांचा, आणि त्यातच पायमोजा कसा विणायचा याची कृती. इंग्रजीत छापलेली, आज माहीत असलेली विणकामाची सगळ्यात जुनी कृती हीच. अरुंडेलची काउंटेस अलेथिया टॅल्बट हिचं नाव या पुस्तकाशी जोडलं जातं.

आता ती वाचायला घ्या. सुई किती जाडीची? लिहिलेलं नाही. इंचात किती टाके बसायला हवेत? तेही नाही. ओळींना क्रमांक नाहीत, विरामचिन्हं जेमतेम. सलग मजकूर, एका दमात कुणीतरी बोलत सुटल्यासारखा.

आणि मोजा म्हणजे काय साधी नळी नाही हो. पोटरीचा भाग चार-पाच सुयांवर गोल गोल विणत खाली येतो, तोवर ठीक. मग पाय काटकोनात वळतो, आणि खरी गंमत (म्हणजे रडारड) तिथे सुरू होते. निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्या निम्म्यांवर पुढे-मागे विणत टाचेची पट्टी करायची, ती वळवायची, तिच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलायचे, सगळं परत गोलात आणायचं आणि वाढलेले टाके हळूहळू कमी करायचे. एक टाका चुकला की टाच घोट्यावर येते. माझी आली.

मला आधी राग आला. मग वाटलं, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मी नव्हतेच. तेव्हा इंग्लंडमध्ये मोजे विणणं हे घराघरातलं पोटापाण्याचं काम होतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिंकन, लेस्टर, यॉर्क अशा गावांत गरीब मुलांना विणकाम शिकवायला शाळा निघाल्या होत्या. ज्याने शंभर टाचा वळवल्यात त्याला 'आता टाच करा' एवढं पुरतं. आपल्याकडच्या जुन्या पाककृतींत 'मीठ अंदाजाने' लिहितात ना, तसं.

त्याहून गमतीची गोष्ट सांगते. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनमधल्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्येच बनवलं होतं. म्हणजे यंत्र आधी आलं आणि हाताने कसं विणायचं हे छापायला आणखी ६६ वर्षं लागली! लीच्या यंत्रावर सपाट कापड निघायचं, ते मागून शिवून मोजा करायचे.

आपण आज बघतो तशा, आखूड खुणांच्या कृती रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात. एडिनबरोच्या जेन गोगेन या बाईंनी १८४० च्या पुस्तकात टाक्यांसाठी स्वतःची अक्षरखूण तयार केली. तेव्हा विणकाम हा सुखवस्तू बायकांचा छंद झाला होता. शेजारी बसून शिकवणारं कुणी नसलेल्या वाचकाला मग सगळं कागदावरच सांगावं लागलं.

माझं कसं झालं? शेवटी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती गेली चाळीस वर्षं विणतेय, कागद कधी बघितला नाही. कॅमेऱ्यासमोर मोजा धरला तर म्हणाली, "अगं, तिथे मोजत काय बसतेस? दोन टाक्यांमध्ये भोक दिसतंय ना, ते बुजव आणि उलट फिर." मी फिरले. टाच वळली!

मग तिला मी तो १६५५ चा मजकूर मराठी करून वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "बरोबर आहे की सगळं. तुला कुठे अडलं?"

दुसरा मोजा अजून सुयांवर आहे.