वार्दलोक्कुर : एका लुप्त गीताचा इतिहास

प्राचीन नॉर्स स्त्रियांच्या ज्ञानपरंपरेचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या आधुनिक पंथांना ज्या मोजक्या ग्रंथांचा आधार घ्यावा लागतो, त्यांत तेराव्या शतकात आइसलँडमध्ये रचलेल्या ‘तांबड्या एरिकच्या सागे’चे स्थान अग्रगण्य आहे. तिच्यातील एका प्रकरणात ग्रीनलँडमधील भविष्यकथनाच्या विधीचे सविस्तर वर्णन आढळते. या परंपरेचे स्वरूप व तिच्या पुनरुज्जीवनाची मर्यादा, या दोन्ही गोष्टी त्या एकाच प्रकरणावरून स्पष्ट होतात.

प्रसंग इ. स. १००० च्या सुमाराचा आहे. दुष्काळाने गांजलेल्या वस्तीचा प्रमुख थोर्केल हा थोरब्यर्ग नामक ‘व्होल्वे’ला पाचारण करतो. तिच्या बहिणीही भविष्यवेत्त्या होत्या; त्यांपैकी ती एकटीच उरलेली असते. खडे जडविलेला झगा, मांजराच्या कातड्याचे हातमोजे आणि पितळेने मढविलेला दंड, असा तिचा वेष वर्णिलेला आहे. यांतील दंड विशेष महत्त्वाचा होय. ‘व्होल्वा’ ही संज्ञाच ‘व्होल्र’ म्हणजे काठी या शब्दापासून सिद्ध झाली असून गॉथिक भाषेतील ‘वालुस’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. व्होल्वा म्हणजे दंडधारिणी. स्कँडिनेव्हियातील काही स्त्रियांच्या दफनांत लोखंडी दंड सापडले आहेत, तर डेन्मार्कमधील फिरकाट येथील दहाव्या शतकातील एका स्त्रीच्या दफनात खुरासानी ओव्याच्या बिया मिळाल्या. नील प्राइस यांच्यासारखे संशोधक अशा दफनांचा संबंध या विद्येशी जोडतात. तथापि ते दंड म्हणजे स्वयंपाकघरातील सळ्या असाव्यात, असेही मत मांडले गेले आहे.

विधीच्या दुसऱ्या दिवशी थोरब्यर्ग ‘वार्दलोक्कुर’ हे गीत जाणणाऱ्या स्त्रियांची मागणी करते. साऱ्या वस्तीत ते एकट्या गुद्रिदला येत असते. आइसलँडमध्ये असताना हाल्दिस या तिच्या पालक मातेने ते तिला शिकविलेले असते. परंतु गुद्रिद ख्रिस्ती असल्यामुळे ती प्रथम नकार देते. लोकांना तिचे साह्य होईल, असे थोरब्यर्ग सुचविते व थोर्केलही आग्रह धरतो, तेव्हा ती गाते. इतक्या सुंदर कंठाने ते गीत कोणी ऐकलेले नव्हते, असे सागाकार नोंदवितो. पुढे दुष्काळ सरणार असल्याचे भाकीत होते.

सागाकाराने झगा, हातमोजे, अन्न, आसन या सर्वांचा तपशील दिला. गीताचा मात्र एकही शब्द दिला नाही. गीताचे नावही निःसंदिग्ध नाही. हस्तलिखितांत ते एका ‘क’ने व जोड ‘क्क’ने असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. जोडाक्षर मूळ मानल्यास त्यात ‘लोक्का’ म्हणजे आमिष दाखवून बोलावणे हा धातू दिसतो, आणि रक्षक आत्म्यांना पाचारण करणारे गीत असा अर्थ होतो. एकेरी व्यंजन मूळ मानल्यास अडसर घालून बंद करण्याचा अर्थ संभवतो. आवाहन की अवरोध, हा निर्णय एका व्यंजनावर अवलंबून आहे.

१९७२ मध्ये आइसलँडमध्ये ‘आसात्रूआरफेलाग’ ही संस्था स्थापन झाली व १९७३ मध्ये तिला शासनमान्यता मिळाली. पुढे अमेरिकेत डायना पॅक्सन यांनी याच प्रकरणाच्या आधारे भविष्यकथनाचा विधी उभा केला. निसर्गाशी व पूर्वज-स्त्रियांशी नाते जोडण्याची आकांक्षा अशा उपक्रमांतून दिसून येते. परंतु त्यांतील गीते नव्याने रचलेलीच असणे अपरिहार्य आहे. त्यांना अखंड परंपरा म्हणता येणार नाही.

असे असूनही त्यांना केवळ बनावट ठरविणे हे मूळ ग्रंथास धरून होणार नाही. ज्या काळाला आज अभंग परंपरेचा काळ समजले जाते, त्याच काळात बहिणींपैकी एकच उरली होती, गीत एकीलाच येत होते आणि तीही ते गाण्यास राजी नव्हती. परंपरा तेव्हाच तुटू लागली होती. गुद्रिदने ती गायिली, ती श्रद्धेपोटी नव्हे, तर भुकेल्या वस्तीच्या निकडीपोटी. यास्तव आजच्या विधींचे मूल्य त्यांच्या प्राचीनत्वाच्या दाव्यावर न ठरविता, ते कोणाच्या कोणत्या निकडीस उत्तर देतात, यावर ठरविणे अधिक न्याय्य होय.